चुलीखालचं पाणी

राजूर,
१२ नोव्हेंबर १९९०

बेबीनंदे,

मी तुझी आज्जी साळूबाई. गणपतीच्या रस्त्यावर आपल्या नारळाच्या दुकानात बसून बोलून राह्यले, आन् तुझी माय गिरजा लिहून राह्यली. मला अक्षर येत न्हाई पण बोलता बराबर येतं. तुझ्या मायला अक्षर येतं पण माझ्यापुढं बोलता येत न्हाई. म्हणून आमचं सासू-सुनांचं इतके दिवस जमलं. जे तिला पटत न्हाई ते तिनं कंसात टाकावं, असं ठरलंय.

तुझं पत्र पोचलं. माझा विश्वास बसेना म्हणून मी तिला थांबवून थांबवून वाचायला लावलं. मला समजलं ते असं. चुकलं असंल तर सांग. तुमचं वस्तीवरचं जुनं घर माळवदाचं होतं. माळवदाला सवणं होतं, चुलीचा धूर त्या भोकातून नीट वर जायचा. मंग भुजंगराव व्याह्यांच्या उसाला कारखाना मिळाला, माळवद पडलं आन् स्लॅब आला. स्लॅब एकदम भारी. पण त्याला सवणं न्हाई. धूर सैपाकघरातच येरझाऱ्या घालून राह्यला आन् तुझी सासू चतुराबाई खोकून राह्यली. डाक्टर म्हणाला, ह्या बाईला धुरात बसवू नका. व्याही म्हणाले, नव्या स्लॅबला भोक पाडू देणार न्हाई. ओसरीत चूल मांडून पाह्यली तर वारा धूर उचलून घरातच आणून टाकतो. वस्तीवर गॅसची गाडी येत न्हाई. शेवटी काय झालं, तर स्लॅब राह्यला घरात आन् चतुराबाई गेली बदनापूरला लेकीकडं.

इथवर मला समजलं. असं जगात होतं. पुढचं होत न्हाई.

तू म्हणे गुऱ्हाळाची चुलवाणं बांधणाऱ्या बद्रीनाथला बोलावलंस. चुलवाणाचा धूर जमिनीखालून जाऊन लांबच्या धुराड्यातून निघतो, तशी आमच्या चुलीला नाली काढून दे म्हणालीस. चुलीच्या मागून खाली, सैपाकघराच्या जमिनीखालून विटांची नाली, तिच्यावर सिमेंटचा स्लॅब, भिंतीखालून पार, आन् अंगणात हे उंच धुराडं. वरच्या स्लॅबला नखसुद्धा लागलं न्हाई, म्हणून व्याह्यांना बोलायला जागा न्हाई.

माझं वय सत्तरीच्या पुढं. सासूला घालवायला घर फोडणाऱ्या सुना मी लई पाह्यल्या. सासूला परत आणायला घर खोदणारी तू पहिली. गल्लीत सांगितलं तर बाया म्हणाल्या, साळूबाई, नातीची तब्येत बरी हाये ना?

धूर खाली कसा जातो ते मात्र मला कळलं न्हाई. धूर काय पाणी हाये उतरून जायला? ते नीट लिही. आन् चतुराबाईला तिकडं आराम हाये असं तू लिहिलंस, ते मला पटलं न्हाई. लेकीच्या घरी पाणी पिताना दोन घोट कमी प्यावं, अशा वळणाची ती बाई. तिला जल्दी आण.

आज्जी

(पोरी, सिमेंटच्या कामात हात उलले असतील. खोबरेल लाव. — माय)

*

भुजंगरावांची वस्ती, अंकुशनगरजवळ,
९ डिसेंबर १९९०

आज्जी,

धूर खाली जातो. डोळ्यांनी पाहिलं तेव्हाच माझाही विश्वास बसला.

आधी धुराड्याच्या बुडाशी उसाच्या पाचटाची एक मूठ पेटवायची. धुराडं आतून तापलं की ते ओढायला लागतं. मग चूल पेटवली की धूर वर येतो, जरा घुटमळतो आणि मान खाली घालून मागच्या भोकात शिरतो. नवी नवरी माप ओलांडून घरात शिरते ना, तसा. पहिल्या दिवशी हे अंगणात उभे राहून धुराड्याकडे बघत होते. आत मला काही दिसत नव्हतं. मग ह्यांनी बाहेरून हाक दिली, "निघाला." कारखान्यात दिवसभर एवढी मोठी चिमणी बघणारा माणूस, पण हाक अशी की घरात पोर झालं.

 मामा, म्हणजे सासरे, त्या दिवशी चार वेळा अंगणात येऊन कपाळावर हात धरून वर बघून गेले. त्यांच्या मानानं ही पुष्कळच शाबासकी.

बद्रीनाथमामांनी काम फार मनापासून केलं. विटांच्या सांध्यांना गूळ-चुना भरला. मला म्हणाले, "गुऱ्हाळं बंद पडली, पोरी. मी समजलो होतो माझं शेवटचं चुलवाण बांधून झालं."

अडचण एकच आहे. नालीत पाणी येतं. स्लॅबखाली कुठून येतं ते कळत नाही. पाऊस नाही, आभाळ कोरडं. मोरीचं झिरपत असेल म्हणून मोरी बंद केली, आंघोळी अंगणात सुरू केल्या, तरी येतं. तळाशी पाणी साचलं की नाली ओढत नाही आणि धूर आल्या वाटेनं परत येतो. बादलीनं उपसलं की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच.

आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं, येणं अजून ठरलेलं नाही. बाकी सगळं ठीक. तू तब्येतीला जप. मायला म्हणावं, हात बरे आहेत.

तुझी बेबीनंदा

*

राजूर,
२४ डिसेंबर १९९०

बेबीनंदे,

तू जिला अडचण म्हणालीस ती ऐकून मी दुकानातला चांगला नारळ घेतला आन् उंबऱ्यावर फोडला. अगं, अडचण काय म्हणतीस? आमच्या इथं बाया हंडे घेऊन कोसभर जातात. भोकरदनकडं माणसं कर्ज काढून हीर खोदतात आन् तळाशी खडक बघून वर येतात. आन् तुझ्या चुलीखाली न मागता गंगा आली. तीबी पौषात. दुसरी एखादी असती तर पेढे वाटले असते. तू बादलीनं उपसून राह्यलीस.

माझं ऐक. चूल हलवता येती, पाणी हलवता येत न्हाई. धुराचं काही तरी करता येईल. देवानं पाणी दिलं ते आधी धर. भुजंगराव शहाणा माणूस, त्यांना दाखव.

गल्लीत सगळ्यांना सांगितलं. आधी ज्या बाया तुझी तब्येत विचारून राह्यल्या होत्या, त्याच आता म्हणतात, पोरीच्या हाताला यश हाये. मी म्हटलं, हात आमच्या घरचाच हाये.

आज्जी

(बेबी, सगळी गल्ली खूश आहे, मी नाही. तुझं पत्र मी एकटीनं परत वाचलं. आत्याबाईंबद्दल तू एकच ओळ लिहिली आहेस, आणि ती ओळ तू खाडाखोड करून लिहिली आहेस. काय झालं ते लिही. — माय)

*

वस्ती,
६ जानेवारी १९९१

आज्जी,

तूसुद्धा.

मामांना दाखव म्हणालीस. दाखवायची गरज पडली नाही. तुझं पत्र यायच्या आधीच ते तुझ्यासारखंच बोलले होते.

माय, तुझं बरोबर आहे. वाचताना रडू नको, अक्षर पुसलं तर आज्जीला पुढचं कळायचं नाही.

आत्याबाई येऊन गेल्या. चंपाषष्ठीला मीच त्यांना बोलावून घेतलं होतं. वांग्याचं भरीत त्यांच्याच हातचं व्हावं, असं माझ्या मनात. त्या आल्या, लुगड्याचा पदर खोचला, आधी चुलीला हात जोडले. पहिली वांगी भाजली तेव्हा घरात धुराचा वाससुद्धा नव्हता. त्या माझ्याकडे बघून हसल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांना तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग पुढची वांगी भाजायला टाकली आणि एकाएकी सगळा धूर उलटा आला. नाली रात्रीतून भरली होती, मला समजलंच नव्हतं. त्या उठायच्या आत धुरानं कोंडल्या. खोकताना ओठ निळे पडले. ह्यांनी ट्रॅक्टर काढून अंबडला डॉक्टरकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी बदनापूरला परत निघताना त्या मला म्हणाल्या, "तू मनापासून केलंस, ते मला पावलं. पण आता मला बोलावू नको, बेबी. लेकीच्या दारात एकदा गेले ती आजारी म्हणून गेले. आता दुसऱ्यांदा चालले, म्हणजे मी ह्या घरची न्हाई राह्यले."

हे मी तुम्हाला लिहिलं नाही, कारण बोलावणं माझं होतं.

पुढचं ऐक. मामांनी पाणाड्याला आणलं. तो तळहातावर नारळ आडवा ठेवून घरभर फिरला. बैठकीत काही नाही, ओसरीत काही नाही. सैपाकघरात चुलीजवळ आला आणि नारळ हातावर उभा राहिला. म्हणाला, जिवंत झरा आहे, बारा महिने आटणार नाही. मामांनी त्याच पावली चुना मागवला आणि जमिनीवर विहिरीचं रिंगण आखलं. माझी चूल रिंगणाच्या बरोबर मध्ये आहे. उसाची तोड झाली की नालीवरचा स्लॅब फोडून खोदायला लागायचं असं ठरलंय. सैपाकघर पुढं कधी तरी मागच्या बाजूला काढू म्हणतात. शेजारच्या बाया येऊन नालीला हळदीकुंकू वाहून जातात. मी भाकरी थापत असते आणि त्या माझ्या पाठीमागं ओटी भरतात.

मी एकदाच बोलले की आत्याबाईंचं काय. मामा म्हणाले, "अख्ख्या जिल्ह्यात लोक पाणी शोधून राह्यले, आन् माझ्या घरात पाणी बुजवायला सून निघाली." ह्यांनी मान खाली घातली.

सगळ्यांना पाणी दिसतं, आज्जी. आत्याबाई कोणाला दिसत नाहीत.

बेबीनंदा

*

राजूर,
२० जानेवारी १९९१

बेबीनंदे,

फोडलेला नारळ जोडता येत असता तर जोडला असता. आता तो खाऊन झाला. पुढचं बोलू.

नारळाचंच बोलते, कारण त्यातलं मला समजतं. जन्म गेला नारळ विकण्यात. बाया हातात घेतात, वाजवतात, कानाला लावतात. आडवा नारळ हातावर उभा राह्यला तर तो बोटांनी उभा केलेला असतो, पाण्यानं न्हाई. त्या पाणाड्याला माझ्या दुकानात धाड. मी त्याला रांजणाजवळ उभा करते, बघू रांजणाला झरा हाये म्हणतो का.

संक्रांत झाली आन् मी तुझ्या मायला घेऊन बदनापूरला गेले. तुला न सांगता. सांगितलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस.

तुझी नणंद उषाबाई चांगली पोरगी. जावाई तर इतका चांगला की सासूला बघून आवाज कमी करतो. तेच तर वाईट. चतुराबाई त्या घरात पाहुणीसारखी खुर्चीवर बसलेली. सैपाकघरात गॅस, सगळं चकाचक, आन् हिला हात लावू देत न्हाईत, आई तुम्ही बसा म्हणतात. जेवायला बसलो. बाईनं अर्धी भाकरी घेतली, कोरड्यास वाढायला गेले तर ताटावर हात आडवा धरला. मी म्हटलं, इहीणबाई, पथ्य हाये का? म्हणाली, "भूक न्हाई." मी बायाबापड्यांची तोंडं बघत म्हातारी झाले. ती भूक होती.

मी तुझी तक्रार काढून पाह्यली. म्हटलं, नातीनं घर खोदून ठेवलं, काय तिची अक्कल. तर ती मला म्हणाली, "तिला काही बोलू नका. माझ्या सासूनं माझ्यासाठी पाट सरकवला न्हाई कधी, आन् ह्या पोरीनं जमीन सरकवली." मंग खोकली आन् भिंतीला टेकली. जाताना दारापतुर आली न्हाई, जाग्यावरूनच विचारलं, चुलीचं तोंड पूर्वेलाच ठेवलंय ना?

बेबीनंदे, तुझ्या पत्रात तू लिहिलंस, बोलावणं माझं होतं. ते ऐकून मी गप बसले, आन् मी गप बसले की तुझी माय घाबरती. तुझ्यासारखं माणूस आमच्या घरात झालं न्हाई. म्हणून सांगते, सासऱ्याशी भांडू नको, नवऱ्यावर रुसू नको. पाण्याच्या मागं लाग. ते येतं कधी, जातं कधी, कोणाच्या घरून येतं, कोणासंगं येतं, हे बघ. पोरीला स्थळ आलं की आपण काय बघतो? तेच.

आज्जी

(आत्याबाईंनी तुझ्यासाठी तिळाचे लाडू दिले होते. आज्जीनं वाटेत दोन खाल्ले. — माय)

(दोन न्हाई, एक. दुसरा हिनं खाल्ला. लिही, गिरजे. — आज्जी)

*

वस्ती,
१८ फेब्रुवारी १९९१

आज्जी,

कोणाच्या घरून येतं ते सापडलं.

तुझं पत्र आलं त्याच सुमारास नाली आपोआप कोरडी पडली. आठवडा गेला, थेंब नाही. बाया म्हणाल्या, झरा रुसला, सुनेनं बादली घातली म्हणून. मामा माझ्याशी बोलेनासे झाले. पाणाड्यानं निरोप धाडला की कोंबडं द्या. मी मात्र चूल पेटवत होते आणि धूर सुरेख जात होता. मला रुसलेला झरा फार आवडला.

मग एका सकाळी पुन्हा पाणी. बाया खूश, मामा खूश. मी बादली घेऊन बाहेर आले आणि माझी नजर बांधापलीकडे गेली. आमच्या घराच्या वरच्या अंगाला शेजारच्या वसंताभाऊंचा ऊस आहे. त्या उसाला पाणी देणारा कालवा मधे दुरुस्तीसाठी बंद होता आणि नुकताच सुटला होता. वसंताभाऊ उसात उभे राहून पाण्याची दारं धरत होते. सरीतलं पाणी चकाकत होतं. मी तिथंच उभी राहिले. कालवा बंद, तर झरा बंद. कालवा सुरू, तर झरा सुरू. वर काळी माती आहे, पण तिच्या खाली मुरूम. पाणी मुरमापर्यंत उतरतं आणि मग उतार धरून आमच्याकडे चालत येतं. आमची नाली त्याच मुरमात खोदलेली. पाण्याला आयतं घर मिळालं.

नुसतं सांगून मामांना पटणार नव्हतं. मी आणि हे वसंताभाऊंकडे गेलो. ते आधी घाबरले. म्हणाले, भुजंगरावांशी बांधावरून एकदा झालंय, आता चुलीवरून नको. मी म्हटलं, भाऊ, दोष कोणाचाच नाही, पाण्याला बांध कळत नाही. ह्या पाळीला फक्त एवढं करा, आधी लांबचा ऊस भिजवा, आमच्या बाजूचा मागं ठेवा. त्यांनी केलं. कालवा भरून वाहत होता आणि आमची नाली कोरडी. मग आमच्या बाजूची दारं फोडली. दुसऱ्या दिवशी नालीत पाणी.

मामांना हात धरून नेलं नाही, पण नेल्यासारखंच नेलं. नालीचं झाकण काढलं. त्यांनी ओणवं होऊन पाण्यात हात घातला. मग मी त्यांना बांधावर उभं केलं आणि वसंताभाऊंचा ओला ऊस दाखवला. मामांनी ओला हात धोतराला पुसला. मग म्हणाले, "म्हणजे झरा न्हाई?"

मी म्हटलं, "मामा, झरा असता तर मीच पहिली टोपली उचलली असती. हे वसंताभाऊच्या उसाचं उष्टं पाणी आहे. कालवा आटला की तेही आटणार, आणि आपण घरात कोरडी विहीर घेऊन बसणार."

मला वाटलं आता आभाळ कोसळतं. ते घरात गेले. मी बाहेरच थांबले. पायानं चुन्याचं रिंगण घासल्याचा आवाज आला. बाहेर येऊन मला म्हणाले, "भुजंगच्या घरात उष्टं पाणी न्हाई राहणार. कुठं खोदायचं ते दाखव."

आज्जी, पाणी अडवायचं नाही, त्याला वाट द्यायची, एवढंच मला सुचलं होतं. घराच्या वरच्या अंगाला, बांधाच्या आत, नालीपेक्षा खोल चर खोदला. तळाशी मोठे दगड, वर बारीक, त्यावर मुरूम, मग माती. उतार ओढ्याकडे. मामांनी पहिली कुदळ मारली आणि मग ती कोणाला दिलीच नाही. ह्यांनी सुट्टी काढली. वसंताभाऊंनी दगड गाडीनं आणून टाकले. तो बांधाचा जुना विषय दोघांनी काढलाच नाही. बद्रीनाथमामांनी नालीवरचा स्लॅब एका बाजूनं उचलून तळ पुन्हा घातला. ह्या वेळी त्याला उतार दिला आणि शेवटी एक लहान खड्डा ठेवला, चुकून ओल आलीच तर उपसायला.

आता कालवा सुरू आहे, वसंताभाऊंचा ऊस घोट्याएवढ्या पाण्यात आहे, आणि माझी नाली कोरडी आहे. मी रोज हात घालून बघते. चराचं पाणी ओढ्याच्या काठाला ठिबकतं. मामांनी तिथं बैलांसाठी दगडी डोणी ठेवली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. उष्टं आहे हे सांगत नाहीत.

पण आत्याबाईंना कसं आणू? त्यांनी बोलावू नको म्हटलंय. परत बोलवायला माझी जीभ उचलत नाही.

बेबीनंदा

*

राजूर,
३ मार्च १९९१

बेबीनंदे,

तुझं पत्र तुझ्या मायनं तीनदा वाचलं. एकदा मला, एकदा दुकानावर आलेल्या भोकरदनच्या गिऱ्हाइकाला, आन् एकदा गणपतीच्या पुजाऱ्याला. पुजाऱ्यानं विचारलं, पोरगी किती शिकली? मी म्हटलं, धाव्वीपतुर, पण बघायला आमच्याकडं शिकली.

मी तुझी थट्टा करत आले. आज करत न्हाई, घडीभर. लोक पाणी दिसलं की हात जोडतात. मीबी जोडले. तू हात जोडायच्या आधी ते कुठून आलं ते पाह्यलंस. आन् खरं काय ते सापडल्यावरबी सासऱ्याला खाली पाहायला लावलं न्हाईस, त्याच्या हाती कुदळ दिलीस. ते मला नालीपेक्षा जास्त आवडलं. झालं, घडी संपली.

आता चतुराबाईचं. तू म्हणतीस तिनं बोलावू नको म्हटलंय. कोणाला म्हटलंय? तुला. मंग तू नको बोलावू. तुझ्या नवऱ्यालाबी धाडू नको, लेक गेला तर आई लेकाची दया म्हणून येईल. भुजंगरावांना धाड. स्लॅब त्यांचा. त्यांनी आजवर कोणाच्या दारी जाऊन काही मागितलं न्हाई, म्हणून त्यांनाच जाऊ दे.

काय बोलायचं ते त्यांना शिकवू नको. असल्या माणसाला शिकवलं की तो शिकवलेलं विसरतो आन् स्वतःचंबी विसरतो.

आज्जी

(मी कंसात काही लिहिणार नव्हते. पण बेबी, मला तुझा अभिमान वाटतो. — माय)

*

वस्ती,
२ एप्रिल १९९१

आज्जी,

आत्याबाई पाडव्याच्या आदल्या दिवशी घरी आल्या.

उषाताईनं सगळं सांगितलं. मामा डोक्याला धुतलेला फेटा बांधून गेले. जावयाच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नाही, उभ्याउभ्याच आत्याबाईंना म्हणाले, "चल. तुझ्यावाचून कोणालाच ती चूल नीट पेटवता येत न्हाई." आणि आत्याबाई पिशवी घेऊन उठल्या. पिशवी भरलेलीच होती म्हणे.

हे सगळं चांगलं झालं. आता माझं ऐक.

त्या आल्या त्या दिवसापासून मला चुलीसमोर बसू देत नाहीत. धुराडं मी पेटवायचं, पाचट मी आणायचं, आणि चूल त्यांची. काल मी सकाळी त्यांच्या आधी उठून कणीक घेतली, तर उंबऱ्यात उभ्या राहून त्यांनी मला सुनावलं. अख्खं लिहिते, म्हणजे तुला समजेल. म्हणाल्या, "ऊठ तिथून. जाळ कसला केलास हा, लग्नातला मांडव जाळायचाय का, आन् तवा असा तिरपा ठेवतात का, आन् भाकरीला पाणी लावलंस का नुसता हात दाखवलास, मी न्हाई तर ह्या घरानं इतके महिने काय खाल्लं असंल देव जाणे, ते बघ माझं पोरगं वाळलं, आन् ही राख भरायला कोण येणार, तुझी आज्जी राजूरहून येणार का, ऊठ, मी जिवंत हाये अजून." तुझं नावसुद्धा घेतलं.

मामा ओसरीत बसून ऐकत होते आणि मिशीत हसत होते. हे कारखान्यात निघून गेले.

नाली मी काढली, चर मी सुचवला, सासऱ्यांना मी वळवलं, आणि मला काय मिळालं? पाचट. तू त्यांना चार शब्द लिही, आज्जी. तुझं त्या ऐकतील.

बेबीनंदा

*

राजूर,
१४ एप्रिल १९९१

बेबीनंदे,

तुझी तक्रार पोचली. न्याय मागितलास म्हणून मी नीट बसून ऐकली.

तुझी माय चतुराबाईचं ते बोलणं वाचून दाखवत होती. जाळापासून सुरू झालं, तव्यावर गेलं, भाकरीवर आलं, पोराच्या वाळण्यावर गेलं, राखेवरून माझ्यापतुर पोचलं आन् परत चुलीवर येऊन बसलं. मी म्हटलं, थांब गिरजे. मधलं काही गाळलंस का? ती म्हणाली, न्हाई. मी म्हटलं, मधी ती खोकली असंल, ते तू वाचलं न्हाईस. ती म्हणाली, बेबीनं लिहिलंच न्हाई.

मी तिला परत पहिल्यापासून वाचायला लावलं. दोघी कान देऊन ऐकलं. चुलीजवळ, जाळ पेटलेला, उंबऱ्यात उभी राहून, एवढं लांब बोलली ती बाई, आन् कुठंच थांबली न्हाई.

तू लिहिलंस तेव्हा तुझ्या ध्यानात आलं न्हाई. रागात माणसाला ऐकू येत न्हाई.

तुझी माय पदरानं डोळे पुसून राह्यली. चूल न्हाई, धूर न्हाई, तरी पुसती. (मी पुसले नाहीत. — माय) पुसले.

मी चतुराबाईला चार शब्द लिहिणार न्हाई. चूल तिची हाये. तू पाचट आण, धुराडं तापव आन् उंबऱ्यात उभी राहून ऐक. आन् ती जे जे बोलंल ते मला सगळं लिहून धाड, एकबी शब्द गाळू नको. मला लांब पत्रं आवडतात.

आज्जी